परदेशी पत्रमित्र आणि आपली साक्ष

परदेशातल्या एखाद्या अनोळखी माणसाशी पत्रमैत्री करावी आणि त्या मैत्रीतून त्याला प्रभू येशूची ओळख व्हावी, ही इच्छा आपल्या मंडळ्यांत नवी नाही. मोबाइल आल्यावर ती मागे पडल्यासारखी वाटली होती. अलीकडे तरुण संघांतून पुन्हा विचारणा होऊ लागली आहे. क्षणात येणाऱ्या आणि क्षणात विसरल्या जाणाऱ्या संदेशांचा मुलांना कंटाळा आला आहे. काही जण कागद-पेनाकडे वळले आहेत, काही जण सावकाश पोचणाऱ्या पत्रांच्या ॲपकडे. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि निवृत्तीनंतर ज्यांच्या हाताशी वेळ आहे, अक्षर चांगले आहे आणि प्रार्थनेची सवय आहे, अशा वडीलधाऱ्यांसाठीही आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. मित्र हवा असेल तरच पत्र लिहा. समोरच्याने धर्म बदलावा एवढाच हेतू मनात असेल तर लिहू नका. मैत्रीचा देखावा करून आत दुसरेच काही ठेवणे हे खोटे आहे, आणि खोट्यावर सत्याची साक्ष उभी राहत नाही. स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा माणूस दहा वर्षांनीही ख्रिस्ती झाला नाही, तरी मी त्याला आनंदाने लिहीत राहीन का? उत्तर मनापासून ‘हो’ असेल तर टपाल कचेरीची वाट धरा.

जुन्या पत्रांतून काय घ्यावे

नव्या करारातल्या सत्तावीस पुस्तकांपैकी एकवीस पत्रे आहेत, हे आपण लहानपणीच पाठ करतो. पण ती पत्रे म्हणून क्वचितच वाचतो. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय काढून पाहा. पौल तोवर रोमला गेलेलाही नव्हता, तरी तो एकेकाचे नाव घेऊन सलाम सांगतो. कोण प्रभूसाठी राबले, कोणी आपल्यासाठी मान पुढे केली, कोणाची आई आपल्याला आईसारखी झाली, हे सारे त्याला ठाऊक आहे. तीमथ्याला लिहिताना तो त्रोवसात राहिलेला झगा घेऊन यायला सांगतो, आणि पुस्तकेही. विश्वासाची मोठी गोष्ट आणि थंडीसाठी हवा असलेला झगा एकाच पत्रात येतात, आणि दोन्हींमुळे ते पत्र खरे वाटते.

आपल्या भूमीशी जोडलेले एक उदाहरण द्यायला हवे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला आणि नोव्हेंबरात त्याने इंग्लंडमधल्या वडिलांना लांब पत्र लिहिले. लिस्बनपासूनचा प्रवास, वारे, समुद्रावर दिशा ठरवण्यातल्या अडचणी, गलबतावरची दुखणी, मासे, पक्षी आणि माडाचे झाड असा बराचसा मजकूर त्यात आहे. एकाच झाडापासून माणसाला किती गोष्टी मिळतात याचे त्याला केवढे आश्चर्य! पुढे १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने नोंदवले की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे. झाडाकडे आणि भाषेकडे असे प्रेमाने पाहणाऱ्या या माणसानेच पुढे मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. मला वाटते, त्या ग्रंथाची सुरुवात त्या पत्रांतच झाली होती. ज्याला आजूबाजूचे दिसत नाही, त्याला माणसेही दिसत नाहीत. म्हणून तुमच्या पत्रात तुमचे गाव असू द्या.

विसाव्या शतकातली एक पत्रमैत्री मला फार प्रिय आहे. इटलीतल्या वेरोना शहरात डॉन जोव्हान्नी कालाब्रिया नावाचे कॅथलिक धर्मगुरू होते. अनाथ मुलांसाठी त्यांनी संस्था उभारली होती. सी. एस. लुइस यांच्या ‘स्क्रूटेप लेटर्स’ या पुस्तकाचा इटालियन अनुवाद त्यांच्या वाचनात आला आणि लेखकाला पत्र लिहावेसे वाटले. पण त्यांना इंग्रजी येत नव्हते, आणि लुइस यांना इटालियनमधून लिहिता येईल असे मानायला त्यांच्याकडे काही कारण नव्हते. म्हणून १९४७ च्या सप्टेंबरात त्यांनी लॅटिनमध्ये लिहिले, आणि ऑक्सफर्डहून उत्तरही लॅटिनमध्येच आले. एक कॅथलिक, एक अँग्लिकन. देश वेगळे, भाषा वेगळी, आणि दोघांच्या देशांमध्ये नुकतेच युद्ध होऊन गेलेले. १९५४ मध्ये कालाब्रिया यांचा मृत्यू झाला तोवर ही पत्रे चालली, आणि त्यानंतरही लुइस त्यांच्या संस्थेतल्या दुसऱ्या एका धर्मगुरूंना लिहीत राहिले. कालाब्रिया आणि लुइस एकमेकांना कधीही भेटले नाहीत. मंडळ्यांमधली फूट, एकमेकांसाठी प्रार्थना, म्हातारपण, काळाची चिंता हे त्यांचे विषय. दोघांनीही एकमेकांना आपल्या पंथात ओढण्याचा हट्ट धरला नाही. लुइस आलेली पत्रे जाळून टाकत, कारण त्यांत लोकांनी मनातली दुःखे लिहिलेली असत आणि ती भलत्याच्या हाती पडू नयेत असे त्यांना वाटे. त्यामुळे कालाब्रिया यांची बहुतेक पत्रे आज उरलेली नाहीत. पत्रमित्राने विश्वासाने लिहिलेले मंडळीच्या सभेत वाचून दाखवायचा मोह झाला, तर हे आठवावे.

परकी भाषा आडवी येते म्हणून जे थांबले आहेत, त्यांनी या दोघांकडे पाहावे. आपल्यापैकी बऱ्याच जणांना इंग्रजी कामापुरतेच येते, आणि जपानमधल्या किंवा ब्राझीलमधल्या मित्रालाही तेवढेच येते. दोघेही परक्या भाषेत लिहीत असलात की कोणी वरचढ राहत नाही. छोटी वाक्ये लिहा आणि आपल्या घरात दिसणाऱ्या वस्तूंविषयी लिहा. आपल्या ख्रिस्ती बोलीतले ‘तारण’, ‘कृपा’, ‘अभिषेक’ हे शब्द इंग्रजीत घातले तरी परक्या माणसाला काही कळत नाही. तुमच्या बाबतीत प्रत्यक्ष काय घडले ते सांगा.

आता पंडिता रमाबाईंकडे येते, कारण या विषयावर मराठी माणसाजवळ त्यांच्या पत्रांइतके मोलाचे दुसरे काही नाही. रमाबाईंचा बाप्तिस्मा सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे झाला. तिथल्या भगिनीसंघातल्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात गेल्या आणि दोघींमध्ये पत्रे सुरू झाली. जेराल्डिन यांनी जपून ठेवलेला हा संग्रह ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. ग्रंथालयात मिळाला तर अवश्य वाचा.

या पत्रांत प्रेम आहे आणि ताणही आहे. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चची सत्ता, मुलगी मनोरमेचे संगोपन, शाकाहार, एवढेच काय गळ्यातल्या क्रुसावरची लॅटिन अक्षरे, सगळ्यावर रमाबाई प्रश्न विचारतात. लॅटिन पवित्र आणि आमची संस्कृत का नाही, असा त्यांचा सूर आहे. भारतातल्या पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने झुगारून आलेली ही स्त्री दुसऱ्या पुरोहितांचे जू मानेवर घ्यायला तयार नव्हती, आणि तसे तिने स्पष्ट लिहिले. जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. त्यांची कळकळ खरी होती यात शंका नाही, पण प्रश्नाला आज्ञेने उत्तर देण्याची चूक त्यांच्या हातून पुन्हा पुन्हा झाली. त्याच वेळी चेल्टनहॅमच्या प्राचार्या डॉरोथिया बील यांनी रमाबाईंचे प्रश्न प्रश्न म्हणून घेतले आणि त्यांच्यासोबत विचार केला. एकाच माणसाशी दोन प्रकारे कसे लिहिले जाते, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.

रमाबाईंनी पुढे स्वतःच सांगितलेला एक प्रसंग पत्रमित्रांनी मनाशी धरावा. लंडनमधल्या फुलम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनी काम करीत. ते पाहून रमाबाईंनी विचारले, या स्त्रियांची एवढी काळजी तुम्ही कशामुळे घेता? तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. आधी काम दिसले, मग ते पाहणारीने आपणहून प्रश्न विचारला आणि त्यानंतर शास्त्र उघडले गेले. आपण फार वेळा शास्त्रापासून सुरू करतो आणि प्रश्न कधी येतच नाही.

मित्र कुठे मिळेल, आणि पहिले पत्र

सर्वांत चांगली वाट ओळखीतून जाते. परदेशात शिकायला किंवा नोकरीला गेलेला भाचा, आखातातली परिचारिका मैत्रीण, जहाजावर काम करणारा शेजारी: यांच्या आसपास कोणालातरी भारताविषयी कुतूहल असतेच. आपल्या धर्मप्रांताचे परदेशातल्या धर्मप्रांताशी नाते असेल तर पाळकांना विचारा. अशी ओळख मधल्या माणसामुळे सुरक्षित असते.

अनोळखी मित्रासाठी ‘स्लोली’ हे ॲप आहे; त्यात दोन गावांमधले अंतर जितके जास्त, तितके पत्र उशिरा पोचते. २००५ मध्ये पोर्तुगालमध्ये सुरू झालेल्या ‘पोस्टक्रॉसिंग’मध्ये जगभरात कार्डे जातात-येतात, पण ज्याला तुम्ही कार्ड पाठवता तो तुम्हाला उलट लिहील असे नसते, तुमच्याकडे कार्ड भलत्याच देशातून येते. तिथे एका कार्डापुरतीच भेट धरावी. कोणत्याही मंचावर नाव नोंदवण्यापूर्वी त्याचे नियम वाचा. धर्मप्रसाराची पत्रे नकोत असे तिथे म्हटले असेल तर ते पाळायचे, त्यातून पळवाट काढायची नाही. तुमच्या ओळखीत ‘मी ख्रिस्ती आहे’ हे साधेपणाने लिहिलेले असले की पुरे. ज्याला त्यात रस असेल तो विचारील.

पहिल्या पत्रात हे लपवू नका आणि त्याचे प्रवचनही करू नका. मराठीत सांगायचे तर असे काहीसे:

‘मी महाराष्ट्रात राहुरीजवळच्या गावात राहते. आमच्याकडे ऊस आणि डाळिंब होते. सध्या थंडी आहे, पहाटे शेकोटी पेटते. घरी आई, मी आणि दोन शेळ्या. मी ख्रिस्ती आहे; रविवारी आमच्या मंडळीत भजनाला पेटी वाजवते. तुम्ही गाणे ऐकता का? तुमच्या गावात सकाळी पहिला आवाज कोणता येतो?’

एवढ्यात गाव, ऋतू, घर, श्रद्धा आणि उत्तर द्यावेसे वाटेल असे दोन प्रश्न आले. याच्या जागी पहिल्याच पाकिटात तीन पत्रके आणि ‘तुम्ही आज मेलात तर कुठे जाल’ हा सवाल गेला, तर समोरचा पाकीट बंद करून ठेवतो. त्याने तसे केले तर त्याला दोष देता येणार नाही.

पुढच्या पत्रांसाठी काही सवयी लावून घ्या. मित्राचे पत्र समोर ठेवून लिहायला बसा आणि त्याच्या प्रश्नांची उत्तरे आधी द्या. पत्रावर तारीख आणि क्रमांक घाला. वाटेत एखादे गहाळ झाले तर दोघांनाही कळते. पाठवण्यापूर्वी पत्राचा फोटो काढून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी तीच हकिकत पुन्हा लिहिली जात नाही. मित्राच्या आईचे ऑपरेशन, मुलाची परीक्षा, कुत्र्याचे नाव हे वहीत टिपून ठेवा. ही वहीच तुमची प्रार्थनेची वही होते. दुसरे काही जमले नाही तरी तेवढे करा, कारण नाव घेऊन केलेली प्रार्थना पत्राचा सूर आपोआप बदलते.

टपालाचे थोडक्यात. पत्ता मोठ्या इंग्रजी अक्षरांत, मित्राने दिला त्याच क्रमाने लिहा आणि शेवटच्या ओळीत देशाचे नाव घाला. पाठवणाऱ्याचा पत्ताही घाला. पाकिटात नोटा कधीही घालू नका. कागदाखेरीज कोणतीही वस्तू पाठवत असाल तर सीमाशुल्काचा फॉर्म भरावा लागतो. दर वजनावर आणि देशावर ठरतात, तेव्हा पाकीट काउंटरवर वजन करूनच टाका.

आपल्याजवळ सांगण्यासारखे काय आहे

पुष्कळ परदेशी लोकांना भारतात ख्रिस्ती माणसे आहेत हेच माहीत नसते. ज्यांना माहीत असते त्यांना वाटते, ती इंग्रजांची उरलेली सावली. इथे तुमच्या पत्राचे मोल आहे. नाताळात आमच्या दारात तारा लागतो आणि फराळाच्या ताटात केकशेजारी करंजी, चकली आणि शंकरपाळी असतात, हे लिहा. नारायण वामन टिळकांनी अभंगांत ख्रिस्ताची भजने लिहिली आणि ती टाळ-मृदंगावर गायली जातात, हे लिहा. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ निघू लागला, म्हणजे तुमच्या घरातली प्रार्थना कितीतरी पिढ्यांची आहे, हेही सांगता येईल. टिळकांची ती प्रसिद्ध आगगाडीही सांगण्याजोगी आहे. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना डब्यात एका अनोळखी युरोपियन प्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना नवा करार दिला. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो प्रवासी कोण होता, हे टिळकांना कधी कळले नाही. आपण लिहिलेल्या पत्राचे पुढे काय झाले, हे आपल्यालाही बहुधा कळणार नाही, आणि तरी लिहायचे असते.

सण ही विश्वासाविषयी बोलण्याची सर्वांत स्वाभाविक जागा. झावळ्यांच्या रविवारी मुले काय करतात, शुभ शुक्रवारी तीन तास मंडळीत का बसतो, ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात मेणबत्त्या का लावतो, हे सांगताना सुवार्ता आपोआप सांगितली जाते. मात्र तितक्याच आस्थेने त्याचा सणही विचारा. इंडोनेशियातला मुस्लिम मित्र रमजानविषयी लिहील तेव्हा ते उत्सुकतेने वाचा; त्याच्या उत्तरात लगेच आपली तुलना घालू नका. १९३४ मध्ये दीट्रिख बॉनहॉफर या तरुण जर्मन पाळकाने गांधीजींना पत्र लिहून भारतात त्यांच्याजवळ राहण्याची इच्छा कळवली होती. डोंगरावरील प्रवचन जगावे कसे, हा त्याचा ध्यास होता आणि एका हिंदू माणसाकडून काही शिकायला मिळेल असे त्याला वाटत होते. गांधीजींनी त्याला येण्याचे आमंत्रणही दिले. जाणे घडले नाही. पण शिकायला तयार असलेला ख्रिस्ती माणूस आपली श्रद्धा हरवत नाही. पुढे याच बॉनहॉफरने हिटलरच्या राजवटीत त्या श्रद्धेसाठी प्राण दिले.

देशोदेशीच्या रीती जाणून घ्या. जपानमध्ये पत्राची सुरुवात ऋतूच्या उल्लेखाने करतात. तिथे १ जानेवारीला नववर्षाची कार्डे घरोघर पोचतात, पण ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल ते घर आधीच तसे कळवते आणि त्यांना शुभेच्छा पाठवत नाहीत. अशा मित्राला तुम्ही चमकदार ‘हॅपी न्यू इयर’ पाठवले तर ते बोचेल. त्याऐवजी दोन ओळी सांत्वनाच्या लिहा. कोरियात माणसाचे नाव लाल शाईने लिहिणे अशुभ मानतात. जपानमध्ये ख्रिस्ती लोक शेकडा एकाच्या आसपास आहेत, त्यामुळे तिथल्या मित्राला बायबलमधली साधी नावेही ओळखीची नसतील. उलट, चेक प्रजासत्ताकासारख्या देशात गावोगावी जुनी चर्चे आहेत आणि बहुतेक लोक कोणताच धर्म मानत नाहीत. तिथल्या मित्राला ख्रिस्ती धर्म परका नसतो, त्याच्या आजोबांच्या घरातली सोडलेली गोष्ट असते. दोघांना एकच पत्र चालणार नाही.

पवित्र शास्त्र पाठवायचे झाले तर आधी विचारा. ‘तुला चालेल का’ या तीन शब्दांच्या सौजन्याने पुष्कळ दारे उघडतात. सबंध जाडजूड ग्रंथापेक्षा मित्राच्या भाषेतले एकच शुभवर्तमान बरे. लूकाचे किंवा मार्काचे. ‘नको’ आले तर पुढच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही आणि पत्राच्या ऊबेत फरक नाही. दुःखाविषयी, मृत्यूविषयी, देवाने हे का होऊ दिले याविषयी प्रश्न आला तर पानभर उत्तर ठोकून देऊ नका. ‘मलाही हे समजत नाही, माझे वडील गेले तेव्हा मी अमुक स्तोत्र वाचत असे’ हे खरे असेल तर तेच लिहा.

पैसा, फसवणूक आणि कायदा

इथे मी जरा कडक बोलणार आहे. पत्रमैत्रीत पैसा आणू नका. ना मागा, ना पाठवा. परदेशी मित्राला आपल्या मंडळीच्या पत्र्याची, बोअरवेलची, अनाथाश्रमाची अडचण कळवून मदत सुचवणारे पत्र लिहिणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे, आणि तिने आपल्या साक्षीचे फार नुकसान केले आहे. शिवाय धार्मिक वा सामाजिक कामासाठी परदेशातून रक्कम स्वीकारणे हे परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० खाली येते. त्यासाठी संस्थेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ‘माझ्या खात्यावर घेतो आणि मंडळीला देतो’ हे कायद्यात बसत नाही.

फसवणारेही धर्माची भाषा बोलतात. आपण मिशनरी आहोत, विधवा आहोत, मरणापूर्वी संपत्ती देवाच्या कामाला द्यायची आहे, असे लिहिणारा अनोळखी माणूस मित्र नव्हे. दुसरा नेहमीचा प्रकार असा: काही आठवड्यांच्या गोड पत्रांनंतर ‘तुझ्यासाठी भेट पाठवली आहे’ असे कळते, मग विमानतळावरच्या कस्टम अधिकाऱ्याचा म्हणून फोन येतो आणि पार्सल सोडवायला पैसे मागितले जातात. एक रुपयाही भरू नका. पैसे गेले असतील तर लाज न बाळगता त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. एकट्या राहणाऱ्या स्त्रिया आणि विधुर ज्येष्ठ यांना विशेष करून हे सांगून ठेवा, आणि प्रेमाने सांगा.

मुलांना पत्रमित्र जरूर मिळू द्या, पण अठरा वर्षांखालच्या मुलांची पत्रे आईवडिलांना ठाऊक असावीत. घराऐवजी मंडळीचा पत्ता वापरावा. शाळेचे नाव, गणवेशातला फोटो, रोजचा रस्ता असे काही जाऊ नये.

आता कायद्याची दुसरी बाजू. संविधानाचे कलम २५ आपल्याला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते. रेव्ह. स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे मांडणे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. अनेक राज्यांत आमिष आणि जबरदस्तीविरुद्ध कायदे आहेत. पत्रात भेटवस्तू आणि श्रद्धेचे निमंत्रण एकत्र कधीही जाऊ नये. हे कायद्यासाठी तर आहेच, पण मित्राच्या मनाच्या मोकळेपणासाठीही आहे.

परदेशातल्या मित्राचा धोका आपल्यापेक्षा मोठा असू शकतो. शेजारच्या नेपाळमध्ये २०१७ मध्ये संमत झालेल्या आणि २०१८ पासून लागू असलेल्या दंडसंहितेनुसार दुसऱ्याचे धर्मांतर घडवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मलेशियात मुस्लिमांमध्ये इतर धर्मांच्या प्रसारावर राज्यांना निर्बंध घालता येतात. अफगाणिस्तान किंवा उत्तर कोरियात तर नुसते शुभवर्तमान जवळ सापडणेही जिवावर बेतू शकते. तुमच्या उत्साहाची किंमत मित्राने मोजावी असे होता कामा नये. अशा देशांत लिहिताना त्याने विचारल्याशिवाय श्रद्धेविषयी काही लिहू नका, पुस्तके पाठवू नका, आणि त्याचे नाव वा फोटो कुठेही, मंडळीच्या प्रार्थनापत्रिकेतसुद्धा, छापू नका.

मित्राने विचारले तर

कधी कधी ती ओळ येते: ‘मला तुझ्या येशूविषयी आणखी जाणून घ्यायचे आहे.’ आनंद होतोच. पण तेवढ्यावर घाई करू नका. पुढच्या पत्रात त्याला विचारा, कशामुळे असे वाटले? कोणते प्रश्न आहेत? घरचे काय म्हणतील? त्याच्या भाषेतले शुभवर्तमान सोबत वाचता येईल. दोघांनी आठवड्याला एक अध्याय वाचायचा आणि जे खटकले, जे भिडले ते लिहायचे. पत्रद्वारे चालणारे बायबल अभ्यासक्रमही पूर्वीपासून आहेत. ते उपयोगी आहेत, पण ते मैत्रीची जागा घेऊ शकत नाहीत.

आणि त्याला त्याच्याच गावातली मंडळी शोधायला मदत करा. प्रभुभोजन पत्रातून होत नाही, आजारपणात डोक्यावर हात पत्रातून ठेवता येत नाही, आणि बाप्तिस्म्याला साक्षी लागतात. त्याच्या देशातल्या बायबल सोसायटीकडून किंवा आपल्या धर्मप्रांताच्या ओळखीतून एखाद्या पाळकाचा पत्ता मिळू शकतो. तो पत्ता मित्राला द्या. मित्राचा पत्ता पाळकाला देण्याआधी मात्र त्याची परवानगी घ्या, आणि धोक्याच्या देशात ती लेखी मागू नका. तो तिथे गेला तर त्याची पत्रे कदाचित कमी होतील, कारण त्याला जवळची माणसे मिळालेली असतील.